पोट वर सरकलं त्याची हकीगत

रेल्वे क्वार्टर्स, मूर्तिजापूर
८ नोव्हेंबर १९६४

आदरणीय साडूभाऊ मोतीराम गुरुजी यांस देवरावचा सप्रेम जयभीम.

आपण वयानं माझ्याहून लहान, पण दोघी बहिणींत चतुराबाई थोरली म्हणून नात्यानं मोठे, आणि मास्तर म्हणून शिक्षणानंही मोठे. त्यामुळे कोणी कोणाला वाकायचं हा घोळ आपल्यात लग्नापासून चालू आहे. या पत्रापुरता मीच वाकतो. (खरं तर आता मला वाकता येत नाही. त्याचं कारण पुढे येईल.) आपली, चतुराबाईंची आणि पोरांची तब्येत बरी असावी. इकडे मी, पंचफुला आणि मालधक्क्यावरच्या रुईच्या गाठी, सर्व जागच्या जागी आहोत.

पत्रास कारण असं, की बार्शीटाकळीत माझ्या ऑपरेशनाबद्दल ज्या कथा चालू आहेत त्या पार्सल घेऊन येणाऱ्या माणसांकडून माझ्या कानावर येतात. एक कथा अशी, की मुंबईच्या डॉक्टरांनी माझं काळीज काढून तिथे रबराची पिशवी बसवली. दुसरी अशी, की मला बोकडाचं पोट बसवलं असून मी हल्ली पाला खातो. तिसरी सगळ्यांत वाईट. देवराव मुंबईतच वारला आणि त्याचा भाऊ त्याच्या जागी मालबाबू म्हणून नोकरी करून राहिला, अशी ती कथा आहे. (मला भाऊ नाही हे आपण जाणताच.) तेव्हा म्हटलं, आपण शाळेचे मास्तर, चार लोक आपला शब्द मानतात, खरं काय झालं ते आपल्याला तरी सविस्तर कळवावं.

माझं जेवण अडकू लागलं ते दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. ज्वारीच्या भाकरीचा घास छातीच्या मधोमध येऊन थांबायचा, जशी मालगाडी सिग्नल न मिळाल्यानं स्टेशनाबाहेर थांबते. पाण्याचा घोट घेतला की सिग्नल पडायचा आणि गाडी पुढे निघायची. आता माणसाचा घास अडकला की तो आधी कोणाला दोष देतो? मी पंचफुलेला दिला. म्हटलं, तू भाकरी जाड थापतेस. तिनं पातळ थापली. म्हटलं, पीठ भरड आहे. तिनं चक्की बदलली. म्हटलं, ज्वारीच जुनी आहे. तिनं नवी ज्वारी आणली. तरी घास थांबलेलाच. तेव्हा ती परात बाजूला सारून म्हणाली, ‘अवो, आता फक्त मीच बदलायची राह्यली. बदलता का?’ त्यानंतर मी भाकरीबद्दल बोलणं बंद केलं आणि चोरून पोळी खाऊ लागलो. मग पोळीही अडकू लागली. मग खिचडी. पावसाळ्याच्या शेवटी मी कढीवर आलो होतो, आणि रेल्वेचा कोट माझ्या अंगावर असण्याऐवजी मीच कोटात कुठेतरी आहे असं धक्क्यावरचे हमाल म्हणू लागले.

उपाय सगळे झाले. कंपाउंडर म्हणाला गॅस आहे, त्याने गुलाबी औषध दिलं. एक वैद्य म्हणाले पित्त वर चढलं आहे, त्यांनी काळं औषध दिलं. एक रिटायर गार्ड म्हणाले, मुकाट्यानं गिळायचं, मनावर घ्यायचं नाही. (त्यांची चाळीस वर्षांची नोकरी याच तत्त्वावर झाली.) आमच्या जाईबाई आत्याला मात्र खात्री, की कोणाची तरी नजर लागली. आता छप्पन साली आपण सगळ्यांनी मिळून नवस, उतारे, अंगारे सोडले. पंचफुला तर या बाबतीत इतकी कडक, की दारावर येणाऱ्या भगताला ती पंचशील म्हणायला लावते. म्हणून आत्यानं काय केलं, तर लिंबू ओवाळून गुपचूप माझ्या हपीसच्या टेबलाखाली ठेवलं. मला ते दुपारी सापडलं. चांगलं रसरशीत लिंबू, टाकून कशाला द्यायचं? चहावाल्याकडून साखर मागवली आणि सरबत करून प्यायलो. इतर काही उतरत नव्हतं, ते निदान गळ्याखाली उतरलं. आत्याला वाटलं गुण आला. तिनं दुसऱ्या दिवशी दोन ठेवली.

शेवटी पंचफुलेनं मला धरून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी भिंतीला देतात तसलं पांढरं, दाट, बेचव पाणी प्यायला दिलं आणि ते घशातून उतरत असताना मशीनसमोर उभं करून छातीचे फोटो काढले. फोटो उजेडाला धरला तर ती पांढरी धार वरून चांगली रुंद आणि मध्येच एकदम उंदराच्या शेपटीसारखी बारीक झालेली. डॉक्टर बराच वेळ फोटोकडेच पाहत राहिले. मी म्हटलं, साहेब, फोटो बिघडला का? ते म्हणाले, फोटो उत्तम आला आहे. आणि मग त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. साडूभाऊ, मी रेल्वेत इतकी वर्षं काढली, साहेब लोकांनी आपणहून खुर्ची दिली की बातमी वाईट असते एवढं मला कळतं.

मुंबईला कर्करोगाच्या मोठ्या इस्पितळात नाव लागलं. तिथले सर्जन डॉ. केळुसकर. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, तंबाखू? मी म्हटलं, फक्त ड्युटीवर. पंचफुला शेजारून म्हणाली, ‘याईची ड्युटी झोपेतही चालते.’ डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग त्यांनी घशातून एक धातूची नळी घालून आतली गाठ पाहिली, तिचा कण काढून तपासला, (या प्रकाराचं वर्णन मी करत नाही, आपण जेवायच्या आधी पत्र वाचत असाल तर पंचाईत) आणि तीन-चार दिवसांनी आम्हां दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. अन्ननलिकेत कॅन्सर आहे. अजून बाहेर पसरलेला दिसत नाही. काही केलं नाही तर थोड्याच महिन्यांत पाणीही उतरणार नाही. पोटाला भोक पाडून नळीनं दूध घालता येईल, पण रोग तसाच राहील. किरणांचा शेक देता येईल, त्यानं काही काळ बरं वाटेल. आणि तिसरा रस्ता ऑपरेशनाचा. छाती उघडायची, नळीचा रोगट तुकडा काढून टाकायचा आणि खालचं पोट ओढून वर छातीत आणून उरलेल्या नळीला जोडायचं.

पंचफुला म्हणाली, ‘पोट वर नेता, मंग खाली काय राह्यते?’

डॉक्टर प्रथमच हसले. त्यांनी कागदावर चित्र काढलं. पंचफुलेनं ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, म्हणजे पिशवीचं तोंड उसवलं तर पिशवीच वर ओढून काठाला शिवायची. ते म्हणाले, अगदी तसंच, फक्त आमची शिवण पक्की बसेलच याची हमी नाही. मी विचारलं, किती लोक वाचतात? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, ‘खोटं सांगत नाही. दहातले दोन-तीन ऑपरेशनातून किंवा नंतरच्या दिवसांतून उठत नाहीत. उरलेल्यांपैकी पुष्कळांना वर्ष-दोन वर्षांत रोग परत गाठतो. थोडे लोक बरे होतात. ते थोडे कोण, हे मला आधी ओळखता येत नाही.’ मी म्हटलं, विचार करून सांगतो. (विचार कसला, खुर्चीतून उठायला थोडा अवधी हवा होता.)

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर खुशालराव म्हणून अकोटकडचे शेतकरी होते. तोच रोग, पण घरीच औषधं करत उशिरा आलेले; तेच ऑपरेशन, माझ्या आधी नंबर. इतका बोलका माणूस मी पाहिला नाही. दिवसभर ते फक्त एकाच विषयावर बोलत: बरं झाल्यावर काय खायचं. हुरडा कोणत्या वावरातला गोड, वांगी कोणत्या विहिरीवरची, ठेच्याला मिरची कुठून आणायची. वॉर्डात कोणालाही धड गिळता येत नव्हतं, पण सगळ्या खाटांवरचे लोक माना वळवून त्यांचं ऐकत. एक गुजराती म्हातारबुवा तर डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, फिर से बोलो. खुशालरावांचं ऑपरेशन झालं. तीन दिवस चांगले गेले, त्यांनी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या खाटेवरून मला हातही केला. मग ताप चढला. आतला जोड उसवला होता. डॉ. केळुसकर त्यांच्या खाटेपासून हलले नाहीत, पण काही उपयोग झाला नाही. सकाळी मी उठून पाहिलं तर त्या खाटेवर स्वच्छ पांढरी चादर, चारी कोपरे नीट खोचलेले.

माझा नंबर दोन दिवसांवर होता. साडूभाऊ, मी पळालो.

आता आपण म्हणाल, पळालो म्हणजे काय. म्हणजे इस्पितळाचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि सदरा अंगात, पायांत काही नाही, अशा अवस्थेत दुपारी फाटकाबाहेर पडलो. फाटकावरच्या माणसाला मी सलाम केला, त्यानं उलट सलाम केला. (कपड्यापेक्षा चेहऱ्यावरचा रुबाब मोठा असतो हे मी रेल्वेत शिकलो.) समोर ट्राम आली, चढलो. कंडक्टर माझ्या कपड्यांकडे पाहून पैसे न मागता पुढे सरकला; त्याला वाटलं असावं, हा वेगळ्या इस्पितळातून सुटला आहे. ट्राम थेट बोरीबंदराला गेली. तिथे नागपूरकडे जाणारी गाडी फलाटाला लागलेली. ती पाहून मला जो आनंद झाला तो मी लिहून सांगू शकत नाही. सगळ्या मुंबईत तेवढीच एक वस्तू माझ्या ओळखीची होती. खिडकीजवळ जागा मिळाली, बसलो. समोरची माणसं आक्रसून बसली. मला फिकीर नव्हती. मनात म्हटलं, सकाळी मूर्तिजापूर.

आणि मग खिडकीतून पाहतो तर फलाटावरून पंचफुला येते आहे. प्रत्येक डब्यात डोकावत, हातात पिशवी, आणि पिशवीवर आडव्या ठेवलेल्या माझ्या चपला. ती भेटायच्या वेळी वॉर्डात आली तेव्हा खाट रिकामी. नर्सबाई घाबरल्या, पळापळ झाली. पंचफुलेनं खाटेखालच्या चपला उचलल्या आणि म्हणाली, समुद्राकडे माणसं धाडू नका, हा माणूस पळाला तर नागपूरच्या गाडीतच बसणार.

ती डब्यात चढली. मला वाटलं, आता सगळं बोरीबंदर दणाणणार. तिनं चपला माझ्या पायांशी ठेवल्या, शेजारी बसली, पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. (मुंबईत ती आपल्याकडच्याच एका गिरणी कामगाराच्या खोलीवर उतरली होती. तिथे रोज ती स्वतःपुरती थापायची.) भाकरी माझ्या मांडीवर ठेवली.

‘खा,’ म्हणाली. ‘ही भाकर संपवा. संपवली, त आपुन याच गाडीनं घरी जाऊ. मी एक शब्द बोलणार नाई.’

मी तुकडा मोडला. चावला. इतका चावला की तोंडात त्याचं पाणी झालं. गिळला. तो गेला आणि थांबला. मी छातीवर मूठ मारली. तिनं तांब्या पुढे केला. पाण्याचा घोट घेतला तर पाणी आणि घास दोन्ही परत आले, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यावर. समोरच्या लोकांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

‘दुसरा घास घ्या,’ ती म्हणाली.

‘नाही होत.’

‘मंग घरी जाऊन काय करणार? मी रोज थापीन, अन् तुमी रोज पाहान?’

मी म्हटलं, ‘तो खुशालराव गेला ना. मीही गेलो तर?’

ती माझ्या पायजम्यावरचं पुसत पुसत म्हणाली, ‘गेले त गेले. पण डॉक्टरच्या हातात जा. माह्या ताटापुढं उपाशी जाऊ नका. ते मले पाहवणार नाई.’

तेवढ्यात टी.सी. आला. म्हणाला, तिकीट. रेल्वेचा नोकर, मूर्तिजापूरचा मालबाबू, आणि जन्मात पहिल्यांदा विनातिकीट सापडला, तोही पायजम्यात! पंचफुलेनं पिशवीतून माझा पास काढून दाखवला. टी.सी.नं पास पाहिला, मला पाहिलं, चपला पाहिल्या. म्हणाला, ‘जाताय की उतरताय?’

‘उतरून राहिलो,’ पंचफुला म्हणाली. आणि आम्ही उतरलो.

ऑपरेशनाच्या सकाळी तिनं माझ्याकडून त्रिशरण म्हणवून घेतलं. मला गच्छामिच्या पुढचं काही आठवेना, तर म्हणाली, राहू द्या, परत आल्यावर पाठ करा. पुढचं मला माहीत नाही. जाग आली तेव्हा डाव्या कुशीत, पाठीपासून पुढपर्यंत, कोणीतरी रूळ टाकल्यासारखी कळ होती. छातीतून एक नळी निघून खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत गेलेली, आणि मी श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे यायचे. मी बुडबुडे मोजत पडायचो. बुडबुडा आला म्हणजे देवराव आहे. दुखण्याचं मी सांगत नाही, दुखायचंच. पण तहान! तोंडातून थेंबभर पाणी द्यायचं नाही असा हुकूम, आतली शिवण भरेपर्यंत. ओल्या बोळ्यानं ओठ पुसायचे, बस. मी इंजिनात पाणी भरायच्या मोठ्या नळाखाली तोंड उघडून उभा आहे आणि ड्रायव्हर नळ सोडत नाही, असं स्वप्न मला रोज पडायचं. जागा झालो की त्या ड्रायव्हरला मी शिव्या द्यायचो. त्या शिव्या वऱ्हाडी असल्यामुळे नर्सबाईंना कळल्या नाहीत, पण गुजराती म्हातारबुवा म्हणाले, फिर से बोलो.

मग एका सकाळी डॉ. केळुसकर आले, चमच्यात पाणी घेतलं, म्हणाले, हळूच. पंचफुला पायथ्याशी उभी. मी घोट घेतला. तो गेला. कुठेही न थांबता, लाइन क्लियर असलेल्या मेलगाडीसारखा गेला. मी वाट पाहत राहिलो की आता थांबेल, आता परत येईल. नाही आला. मी म्हटलं, साहेब, गेलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ना? आणि ते भिंतीकडे तोंड करून माझ्या कागदावर काहीतरी लिहू लागले, ते बराच वेळ लिहीतच राहिले. पंचफुला बाहेर व्हरांड्यात निघून गेली. नाकडोळे लाल करून आली आणि मलाच म्हणाली, ‘असे काय रडून राहिले, लोक पाहून राहिले ना!’

आता घरची हकीगत. पोट छातीत असलेल्या माणसाचा संसार वेगळा असतो. मला आडवं झोपता येत नाही. खाल्लेलं सगळं गळ्याशी येतं. म्हणून खाटेचे उशाकडचे पाय विटांवर चढवले आहेत आणि मी रात्रभर घसरगुंडीवर झोपतो. सकाळी पायथ्याशी सापडतो. वाकता येत नाही, म्हणून बुटाच्या नाड्या पंचफुला बांधते. हे प्लॅटफॉर्मवरून दिसतं, आणि यवतमाळच्या छोट्या गाडीचे प्रवासी ते पाहायला खिडकीशी येतात. जेवण थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, चिमणीसारखं. आणि छातीत गुरगुर होते. मागे तपासणीला आलेले साहेब माझे कागद पाहत होते, हपीसात अगदी शांतता, आणि माझी छाती बोलू लागली. साहेबांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. त्यांना वाटलं, मांजर आहे. मी म्हटलं, साहेब, मांजर नाही, पोट आहे. ते म्हणाले, पोट खाली असतं. मी म्हटलं, माझं वर बदली होऊन आलं. साहेबांनी घाईनं सही केली आणि गेले. तपासणीत एकही चूक निघाली नाही.

आपले जुने सोयरे उत्तमराव यांच्या मुलीचं लग्न अमरावतीला झालं, त्याला आपण शाळेच्या परीक्षांमुळे येऊ शकला नाहीत. बरं झालं. तिथे मी चार घास खाऊन हात धुतला तर उत्तमराव रुसले, म्हणाले, तुमाले आमच्या घरचं अन्न गोड लागत नाई काय. म्हटलं, इतकी वर्षांची सोयरीक, माणूस नाराज नको. आणि त्यांनी वाढलेल्या गरम जिलब्या खाल्ल्या, पाकासकट. (गोड एकदम खायचं नाही, ते थेट आतड्यात उतरून घात करतं, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण डॉक्टर मुंबईत आणि उत्तमराव समोर!) थोड्या वेळात अंगाला दरदरून घाम, छाती धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मी बसल्या जागी लटपटलो. झालं, सगळा मांडव धावला. कोणी म्हणे मिरगी आहे, जोडा हुंगवा. कोणी कांदा फोडला. आणि चौघांनी मिळून मला आडवं करायला घेतलं. मी ओरडत होतो, आडवं करू नका, आडवं करू नका. पण बेशुद्ध पडणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? केलं आडवं. पुढे जे व्हायचं ते झालं, उत्तमरावांच्या नव्या धोतरावर झालं. त्यानंतर अमरावतीत मला कोणी आग्रह करत नाही.

या पावसाळ्यात मात्र घास पुन्हा अडकू लागला. तेव्हा विनोद कुठच्या कुठे पळाला. मी कोणाला सांगितलं नाही. पुन्हा तेच, पाणी पिऊन घास ढकलायचा आणि हसत उठायचं. पंचफुला दोन दिवस पाहत राहिली आणि तिसऱ्या दिवशी ट्रंक काढून कपडे भरू लागली. पळायला जागाच उरली नाही. मुंबईला डॉ. केळुसकरांनी तपासलं, तुकडा काढून पाहिला. आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. रोग नव्हता. शिवणीच्या जागी व्रण आकसला होता, एवढंच. त्यांनी रबराच्या कांड्या, आधी बारीक मग जाड, अशा घालून तो रुंद केला. (हा प्रकारही आपण जेवायच्या आधी वाचू नये.) मी विचारलं, आता मी बरा झालो का? ते म्हणाले, ‘दोन वर्षं होत आली, ही चांगली गोष्ट आहे. पाच झाली की मीच तुमच्याकडे पेढे मागेन. तोवर मला काही विचारू नका.’ माझ्याबरोबरच्यांपैकी आणखी कोण आहेत म्हणून मी चौकशी केली. गुजराती म्हातारबुवा आहेत, पत्र टाकलं की उत्तर येतं. बाकीच्यांबद्दल नर्सबाईंनी विषय बदलला.

तर अशी ही हकीगत. मी पाच वर्षं काढणार असं ठरवलं आहे. त्यात माझ्या ठरवण्याला काय किंमत ते मला ठाऊक आहे, पण ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्यांना जयभीम, पोरांना आशीर्वाद, चतुराबाईंना पंचफुलेची आठवण.

आपला,
देवराव

ता.क. मूळ काम लिहायचं राहिलं. दसऱ्याला अकोल्यात दोघी बहिणी भेटल्या तेव्हा चतुराबाई पंचफुलेपाशी रडल्या. तुम्ही हल्ली ताटावरून अर्ध्यात उठता, कोणी जेवायला बोलावलं तर पोट बिघडल्याचं सांगता, आणि विचारलं तर खडूची धूळ घशात बसली म्हणता. गुरुजी, इतकी वर्षं तुम्ही फळ्यावर लिहून राहिले, खडूला आत्ताच काय झालं? येत्या गुरुवारी सकाळी मी अकोला स्टेशनवर आहे. ज्यांनी माझा फोटो काढला त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. पांढरं पाणी प्यायचं, फोटो काढायचा, संध्याकाळी घरी. खडूच निघाला तर मी सगळ्या वर्गासमोर कान पकडीन. दुसरं काही निघालं तर ते लवकर निघालं पाहिजे, म्हणजे डॉक्टरांना काही करता येईल. खुशालराव उशिरा पोचले होते.

ता.क. दुसरा. वर मी बरंच हसत लिहिलं. तसं नसतं लिहिलं तर तुम्ही दुसऱ्या पानावर पत्र मिटवून उशाखाली ठेवलं असतं, मी तुम्हाला ओळखतो. खरी गोष्ट एवढीच की मला अजून रोज भीती वाटते. घास तोंडात घातला की वाटते. तरी घालतो. तुम्हालाही वाटणारच. भीती घेऊनच या, दोघं मिळून बसू.

(खालचं पंचफुलेच्या हातचं. प्रौढांच्या वर्गात शिकून राहिली. मी सुधारायला गेलो तर तिनं पत्र ओढून घेतलं.)

भाऊजी जयभीम. गुरवारी या. नाई आले त सुक्रवारी मी बारशीटाकळीले येतो. साळेत येतो. पोरायच्या समोर हात धरून नेतो. मंग लाजू नका.

पंचफुला